हवेचा हिशेब, आकाशातून

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला बजावून सांगितलंय की आठवणी सांगायला आज पन्नास जण आहेत, तू काहीतरी माहितीचं बोल आणि वेळेत आटप. दोन्ही अटी मान्य. मी अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि गेली वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करते. मी हवामानशास्त्रज्ञ नाही, हे आधीच सांगते. पण यंत्रांकडून येणारे आकडे तपासणं, त्यातले धरायचे कुठले आणि टाकायचे कुठले हे ठरवणं, हे माझं रोजचं काम. त्या सवयीतून एका विषयाची गोडी लागली, तोच आज तुमच्यापुढे मांडते. हवेतले हरितगृह वायू उपग्रहावरून कसे मोजतात?

हल्ली अधूनमधून बातमी येते की उपग्रहानं अमुक शहराच्या डम्पिंग ग्राउंडमधून निघणारा मिथेन पकडला. वाचणारा विचारात पडतो. या वायूंना ना रंग, ना वास. मग शेकडो किलोमीटर उंचावरून जाणाऱ्या यंत्राला ते कळतं कसं? आणि त्यानं सांगितलेल्या आकड्यावर आपण किती विश्वास ठेवायचा? हा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण कोणत्या देशानं किती धूर सोडला, कोणत्या शहरानं कचऱ्यावर किती खर्च करायचा, हे वाद यापुढे याच आकड्यांवर लढले जाणार आहेत.

आधी किती बारीक मोजायचंय ते बघू. सोलापूर शहर डोळ्यांपुढे आणा. साधारण दहा लाख वस्ती. कोरड्या हवेचे दहा लाख रेणू म्हणजे ते शहर, असं समजा. त्यातले ७ लाख ८० हजारांच्या आसपास नायट्रोजनचे, २ लाख ९ हजारांहून थोडे जास्त ऑक्सिजनचे, नऊ हजारांच्या वर आर्गॉनचे. कार्बन डायऑक्साइडचे फक्त सव्वाचारशे. यालाच ४२५ पीपीएम म्हणतात, म्हणजे दहा लाखांत इतके भाग. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते २८० होते. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. २०१३ च्या मे महिन्यात तिथल्या दिवसाच्या सरासरीनं पहिल्यांदा ४०० चा आकडा ओलांडला. आता दर वर्षी दोन-तीनची भर पडतेय. मिथेन तर दहा लाखांत पुरता दोनही नाही, १.९ च्या आसपास आहे. पण औद्योगिक क्रांतीपूर्वी तो ०.७ होता.

आता अडचण बघा. एखाद्या मोठ्या वीज केंद्राचा धूर हवेत पसरला, आणि जमिनीपासून वरपर्यंतच्या अख्ख्या थराची सरासरी काढली, तर तो आकडा आजूबाजूच्या हवेपेक्षा बहुधा एक-दोननंच जास्त भरतो. म्हणजे दहा लाखांच्या शहरात अमुक आडनावाची ४२५ माणसं आहेत की ४२६, हे सातशे किलोमीटरवरून, सेकंदाला सात किलोमीटरहून जास्त वेगानं जाता जाता सांगायचं. जनगणनेला घरोघर जाणाऱ्या आपल्या शिक्षकांना या कामाची कल्पना पटकन येईल!

मग जमिनीवरूनच का मोजू नये? मोजतात, आणि तिथली मोजणी जास्त अचूक असते. यात आपल्याकडचीही दोन ठिकाणं आहेत. गोव्यात काणकोण तालुक्यात काब द राम हे समुद्रात घुसलेलं टोक आहे, तिथला किल्ला तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तिथे १९९३ ते २००२ या काळात काचेच्या बाटल्यांत हवा भरून ती ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेच्या प्रयोगशाळेत तपासली जायची. जागा मोठी हुशारीनं निवडलेली. पावसाळ्यात वारा अरबी समुद्रावरून येतो, तेव्हा बाटलीत समुद्रावरची स्वच्छ हवा. हिवाळ्यात तो जमिनीकडून वाहतो, तेव्हा त्याच बाटलीत देशाच्या आतली हवा. दुसरं ठिकाण आपला सिंहगड. पुण्याच्या आयआयटीएमनं, म्हणजे भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं, २००९ पासून तिथेही हवेचे असेच नमुने घेतले. आपण गडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायला जातो, कुणी तिथून हवा भरून आणतं!

पण बाटली एका जागेची गोष्ट सांगते. एवढ्या मोठ्या देशाला अशी दोन-चार ठिकाणं पुरत नाहीत, आणि समुद्र, वाळवंटं, घनदाट जंगलं इथे तर बाटली घेऊन जाणारंच कुणी नसतं. ती मधली जागा भरायला उपग्रह हवा.

उपग्रह हे करतो कसं? शाळेच्या प्रयोगशाळेत लोलकातून भिंतीवर पाडलेला सप्तरंगी पट्टा आठवा, आणि त्याबरोबर पाठ केलेलं 'तानापिहिनिपाजा'. उपग्रहातलं यंत्रही प्रकाश फोडतं. लोलकाऐवजी त्यात अगदी बारीक रेघा कोरलेला आरसा असतो, आणि ते तांबड्याच्या टोकाचा नि त्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा भाग फोडतं. तो पट्टा इतका ताणायचा की त्यात काळ्या रेषा दिसू लागतात. प्रत्येक वायू प्रकाशातले ठरावीक रंगच शोषतो, बाकीच्यांना हात लावत नाही. त्यामुळे रेषा कुठे आहेत यावरून वायू कोणता ते कळतं, आणि रेषा किती गडद यावरून तो किती आहे ते कळतं.

म्हणजे खरं पाहता उपग्रहाला वायू दिसतच नाही. सूर्याचा प्रकाश हवेतून खाली येतो, जमिनीवर आपटतो आणि हवेतून परत वर जातो. या जाण्यायेण्यात वाटेत काय गायब झालं, तेवढंच त्याला दिसतं. घरातल्या डब्यातले लाडू कमी झाले की आई सांगायची कोण येऊन गेलं. तिनं कुणाला पाहिलेलं नसायचं. किती कमी झाले आणि कोणते कमी झाले, यावरून ती ओळखायची. तसंच हे.

नासाचा ओसीओ-२ हा उपग्रह २ जुलै २०१४ रोजी सोडला. तो ७०५ किलोमीटर उंचीवरून साधारण ९९ मिनिटांत पृथ्वीची एक फेरी मारतो, आणि जिथून जातो तिथे दुपारचा दीडच्या सुमाराचा वेळ असतो. प्रकाशाचे तीन पट्टे तो पाहतो आणि प्रत्येक पट्ट्याचे १,०१६ तुकडे करतो. अशी सेकंदाला २४ वाचनं. दिवसाउजेडी जाणाऱ्या फेऱ्यांची मिळून रोज दहा लाखांच्या घरात वाचनं होतात. एका वाचनाचा जमिनीवरचा तुकडा तीन चौरस किलोमीटरपेक्षा लहान असतो.

तीन पट्ट्यांपैकी दोन कार्बन डायऑक्साइडचे आहेत आणि एक ऑक्सिजनचा. ऑक्सिजन कशाला, असं वाटेल. चहा किती गोड आहे हे नुसते चमचे मोजून कळत नाही. कप केवढा हेही माहीत हवं. दोन चमचे साखर कटिंगमध्ये पडली तर तोंड वाकडं होतं, तेवढीच पातेल्यात पडली तर कळतही नाही. हवेचंही तसंच. महाबळेश्वरावरचा हवेचा थर कमी, कोकणपट्टीवरचा जास्त. ऑक्सिजनचं प्रमाण मात्र जगभर जवळजवळ सारखं, २०.९५ टक्के. त्यामुळे ऑक्सिजनच्या रेषांवरून कप केवढा ते कळतं, कार्बन डायऑक्साइडच्या रेषांवरून साखर किती ते कळतं. दोन्हींची सांगड घातली की पीपीएमचा आकडा मिळतो.

ऐकायला सोपं वाटतं, पण इथून पुढचं काम माझ्या धंद्यातलं आहे आणि ते सोपं नाही. आपल्या वर्गातले काही हुशार लोक, नावं घेत नाही, पुस्तकाच्या शेवटचं उत्तर बघून गणित मागून जुळवायचे. उपग्रहाचं सॉफ्टवेअर तेच करतं. ते आधी हवेचा एक अंदाज धरतं. इतका कार्बन डायऑक्साइड, इतकी वाफ, इतकी धूळ, जमीन इतकी उजळ. मग हिशेब करतं, की हवा अशी असती तर वर कसा प्रकाश पोचला असता. तो प्रत्यक्ष आलेल्या प्रकाशाशी ताडून बघतं. जुळला नाही की अंदाज थोडा बदलतं आणि पुन्हा हिशेब मांडतं. असं जुळेपर्यंत. गणितात याला रीतसर मान्यता आहे, त्यामुळे मागच्या बाकांवरच्यांनी आता मान वर करायला हरकत नाही.

यात दगा देणाऱ्या गोष्टी बऱ्याच. हवेत धूळ किंवा पातळ ढग असला, की काही प्रकाश जमिनीपर्यंत न जाता मधूनच परत फिरतो. त्याचा प्रवास कमी होतो आणि वायू कमी असल्यासारखं वाटतं. काही प्रकाश धुळीच्या कणांत इकडून तिकडे आपटत राहतो, त्याचा प्रवास लांबतो आणि वायू जास्त वाटतो. समुद्र या पट्ट्यांत जवळजवळ काळाच दिसतो, म्हणून तिथे यंत्र पाण्यावर चमकणाऱ्या सूर्याच्या तिरिपीकडे वळवावं लागतं. रात्री मोजता येत नाही. दाट ढगांतून तर काहीच दिसत नाही. रोजच्या दहा लाख वाचनांतलं दहात जेमतेम एक शेवटी कामाचं उरतं. आपल्या दृष्टीनं याचा अर्थ असा, की जून ते सप्टेंबर भारताचा बराच भाग या उपग्रहांना दिसतच नाही. आणि नेमकं त्याच चार महिन्यांत आपली शेतं आणि जंगलं वाढत असतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत असतात. आपल्या वहीतलं सगळ्यात महत्त्वाचं पान दर वर्षी अर्धवट राहतं.

तरीही मला या कामाबद्दल आदर वाटतो, तो ते टाकलेल्या वाचनांमुळे. प्रत्येक आकड्याबरोबर 'यात इतकी चूक असू शकते' हे लिहिलेलं असतं, 'हे वाचन वापरू नका' अशी खूणही असते. आपल्या बाई प्रयोगवहीत सांगायच्या, निरीक्षण आधी लिहा, निष्कर्ष नंतर, आणि निरीक्षण खोडू नका. तीच शिस्त.

ही शिस्त आली कशी, याची एक गोष्ट सांगते. या मालिकेतला पहिला उपग्रह ओसीओ-२ नव्हता. ओसीओ नावाचा पहिला उपग्रह २४ फेब्रुवारी २००९ रोजी सोडला होता. प्रक्षेपणानंतर त्याच्यावरचं संरक्षक आवरण सुटलंच नाही. त्या ओझ्यामुळे त्याला कक्षेपर्यंत जाण्याएवढा वेग मिळाला नाही, आणि तो अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात पडला. कित्येकांची वर्षानुवर्षांची मेहनत काही मिनिटांत पाण्यात गेली. या कामात त्यांच्याच बरोबरीनं धावणारा दुसरा संघ जपानचा. जपाननं अगदी महिनाभर आधी, २३ जानेवारी २००९ ला, गोसॅट हा उपग्रह सोडला होता. त्याचं घरगुती नाव 'इबुकी', म्हणजे श्वास. जपानी संघानं अमेरिकेच्या शास्त्रज्ञांना सांगितलं, तुमचा उपग्रह गेला, पण सॉफ्टवेअर आणि माणसं आहेत, आमच्या मोजण्यांवर काम करा. त्यामुळे ओसीओ-२ उडाला तेव्हा त्याच्या सॉफ्टवेअरला दुसऱ्याच्या उपग्रहावर पाच वर्षांचा सराव झालेला होता. नेवाडातल्या रेलरोड व्हॅली नावाच्या कोरड्या तळ्यात दोन्ही देशांचे लोक उन्हाळ्यात एकत्र उतरत, आणि वरून उपग्रह जात असताना खाली स्वतःच्या यंत्रांनी मोजून दोन्हीकडचे आकडे ताडून बघत.

ताडून बघणं हाच या सगळ्याचा पाया आहे. जगात ठिकठिकाणी जमिनीवर अशा दुर्बिणी आहेत ज्या थेट सूर्याकडे बघतात आणि वरून खाली येणाऱ्या प्रकाशातून तेच वायू मोजतात. या जाळ्याचं नाव टीसीकॉन, पहिलं केंद्र २००४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये सुरू झालं. उपग्रह त्यांच्या डोक्यावरून जाताना त्यांच्याकडे बघतो आणि दोन्ही आकडे जुळवले जातात. मग त्या दुर्बिणी कशावर तपासायच्या? त्यासाठी विमानं, आणि एक फार सुंदर युक्ती. शंभर मीटरहून लांब, बारीक स्टीलच्या नळीचं वेटोळं फुग्याला बांधून वर सोडतात. नळीचं एक टोक उघडं. वर जाताना तिच्यातली हवा बाहेर पडते. खाली येताना प्रत्येक उंचीवरची हवा थराथरानं आत भरत जाते. ती जमिनीवर पडली की पटकन उचलायची आणि थर एकमेकांत मिसळायच्या आत मोजायची. एवढ्या उपग्रहाच्या आकड्याचा भरवसा शेवटी शेतात पडलेली नळी शोधत फिरणाऱ्या माणसांवर टेकलेला असतो, हे मला फार आवडतं.

आता या खटाटोपातून काय हाती लागलं? तीन गोष्टी सांगते.

पहिली. २०१५-१६ साली मोठा एल निनो होता आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड नेहमीपेक्षा वेगानं वाढला. ओसीओ-२ मुळे प्रथमच दिसलं, की ही वाढ कुठून आली. उष्ण कटिबंधातल्या जमिनीनं २०११ च्या तुलनेत २०१५ मध्ये सुमारे २.५ अब्ज टन जास्त कार्बन हवेत सोडला होता, आणि तीन खंडांत त्याची कारणं तीन. दक्षिण अमेरिकेत दुष्काळामुळे झाडांनी कमी ओढून घेतला, आफ्रिकेत उष्णतेमुळे पालापाचोळा जास्त कुजला, इंडोनेशियात आगी लागल्या. मौना लोआचा एकटा आकडा वाढ सांगू शकतो. ती कोणाच्या अंगणातली आहे, हे सांगू शकत नाही.

दुसरी. २०१७ साली कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की उपग्रहाचा पट्टा योगायोगानं धुराच्या लोटावरून गेला, तर एकट्या वीज केंद्राचं उत्सर्जन काढता येतं. अमेरिकेतल्या केंद्रांचे रोजचे अधिकृत आकडे मिळतात. त्यांच्याशी उपग्रहाचे आकडे १ ते १७ टक्क्यांच्या फरकानं जुळले. मग तीच पद्धत त्यांनी मध्य प्रदेशातल्या सासन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या मटिंबा या केंद्रांवर लावली.

तिसरी गोष्ट मिथेनची, ती आपल्या जवळची आहे. मिथेन हवेत दहा-बारा वर्षंच टिकतो, पण वीस वर्षांच्या हिशेबात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट उष्णता धरतो. म्हणजे तो थांबवला तर फायदा लवकर दिसतो. तो शोधायला दोन चाळण्या वापरतात. मोठी चाळणी म्हणजे युरोपचा सेंटिनेल-५पी, ऑक्टोबर २०१७ मध्ये सोडलेला. एका फेरीत २,६०० किलोमीटर रुंद पट्टा बघतो, जवळजवळ रोज सगळी पृथ्वी, पण ठिपका ५ ते ७ किलोमीटरचा. एवढ्यावरून शहर कळतं, जागा कळत नाही. मग बारीक चाळणी, कॅनडातल्या जीएचजीसॅट कंपनीचे छोटे उपग्रह. त्यांचा ठिपका पंचवीस-तीस मीटरचा. २०२२ साली नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं या दोन चाळण्यांनी चार शहरं तपासली गेली: ब्युनोस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई. मुंबईतल्या एका डम्पिंग ग्राउंडमधून ताशी सुमारे ९.८ टन मिथेन निघत असल्याचा अंदाज निघाला. आणि चारही शहरांचं एकूण उत्सर्जन प्रचलित नोंदींपेक्षा १.४ ते २.६ पट भरलं.

आता मी सुरुवातीला म्हटलं तो भरवशाचा प्रश्न. या नोंदी बनतात कशा? बहुतेक ठिकाणी वायू कुणी मोजत नाही. इतके टन कोळसा जाळला, गुणिले अमुक. इतकी गुरं, गुणिले अमुक. इतका कचरा टाकला, गुणिले अमुक. हा गुणाकार करून प्रत्येक देश आपला हिशेब संयुक्त राष्ट्रांना देतो. कोळशासाठी ही पद्धत बरीच चांगली चालते, कारण कोळशाचं बिल असतं. कचऱ्याला बिल नसतं. ओला कचरा किती, तो किती खोल दाबला, आत हवा किती, यावर मिथेन ठरतो, आणि तिथे गुणाकार फसतो. घरी मीटर न बघता वीज मंडळानं सरासरी बिल पाठवलं तर आपण भांडायला जातो. जगाचं मिथेनचं बिल आजवर बरंचसं असंच सरासरीवर चाललंय. उपग्रह म्हणजे मीटर वाचणारा माणूस.

पण मीटर वाचणाराही तपासून घ्यावा लागतो. ताशी ९.८ टन हा आकडा ढग नसताना, दिवसा, उपग्रह वरून गेला त्या मोजक्या क्षणांचा. त्याला वर्षाच्या तासांनी गुणून ८५ हजार टन म्हणणं, यात गृहीतक आहे की पावसाळ्यात आणि रात्रीही तेवढंच निघतं. म्हणून अशी बातमी वाचलीत तर तीन प्रश्न विचारा. किती वेळा मोजलं? चूक किती असू शकते, ते सांगितलंय का? जमिनीवर जाऊन कुणी ताडून पाहिलं का? उत्तरं मिळाली नाहीत तर बातमी बाजूला ठेवा. मिळाली तर मात्र 'परदेशी उपग्रहांना काय कळतंय' म्हणून उडवून लावू नका. त्याला उत्तर द्यायचं असेल तर आपल्याच जमिनीवर आपली यंत्रं लावून मोजावं लागेल, काब द राम आणि सिंहगडाला मोजलं तसं. दुसऱ्याच्या मोजणीवर हरकत घ्यायची, तर आपली मोजणी हवी.

आणि ही मोजणी कायम चालू राहील असं धरून चालू नका. ओसीओ-२ दोन वर्षांसाठी बनवला होता, दहा वर्षांहून जास्त चालला. २०२५ साली अमेरिकी सरकारनं अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात त्याचा आणि अंतराळ स्थानकावरच्या ओसीओ-३ चा निधी बंद करायचं सुचवलं. मिथेन शोधण्यासाठी एका स्वयंसेवी संस्थेनं मार्च २०२४ मध्ये सोडलेल्या मिथेनसॅटशी जून २०२५ मध्ये संपर्क तुटला, सव्वा वर्षात. कीलिंग यांनाही हे चुकलं नाही. १९६४ साली पैसे कापले गेले आणि मौना लोआची मोजणी काही काळ थांबली. त्या प्रसिद्ध वक्ररेषेत ते भोक आजही आहे. सॉफ्टवेअर बिघडलं तर दुरुस्त करून पुन्हा चालवता येतं. जुनी मोजणी नव्या पद्धतीनं पुन्हा तपासताही येते. पण न मोजलेला दिवस पुन्हा कधीच मोजता येत नाही.

शेवटी एक मागणी. दुपारच्या बैठकीत आपण माजी विद्यार्थी निधीतून शाळेला काय द्यायचं ते ठरवणार आहोत. प्रोजेक्टर आणि पाण्याचं यंत्र यादीत आहेच. त्यात एक छोटी वस्तू घाला, अशी माझी विनंती आहे. कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, काही हजार रुपयांत येतं. तळहातावर मावणाऱ्या त्या डबीत एका बाजूला अवरक्त प्रकाशाचा दिवा असतो, दुसऱ्या बाजूला तो मोजणारा डोळा. मधल्या हवेनं किती प्रकाश खाल्ला त्यावरून आकडा येतो. उपग्रहाचंच तत्त्व, सातशे किलोमीटरऐवजी काही सेंटिमीटरमध्ये. खिडक्या बंद असलेल्या भरल्या वर्गात तो आकडा हजाराच्या वर चढताना मुलं स्वतः बघतील, आणि खिडकी उघडल्यावर उतरताना. हे स्वस्त यंत्र चाळीस-पन्नास पीपीएमनं चुकू शकतं. तेही मुलांना सांगू, म्हणजे एका पीपीएमसाठी लोक एवढी धडपड का करतात ते त्यांना कळेल.

त्याबरोबर एक जाड वही. रोज ठरलेल्या वेळी मैदानातला आकडा, वर्गातला आकडा, वारा कुठून, आकाश कसं. लिहिणारी मुलं दर वर्षी बदलतील, वही तीच राहील. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तर नक्कीच लिहायची, कारण त्या महिन्यांत वरून बघणाऱ्यांना ढगच दिसतात. शाळेच्या डबीनं ती उणीव भरून निघणार नाही, हे मला कळतं. पण अर्धवट पान कशाला म्हणतात, आणि रोज नेमानं लिहिणं किती कठीण असतं, हे त्या मुलांना आपल्यापेक्षा लवकर समजेल. पहिल्या यंत्राचा खर्च मी देते. वहीचा तुम्ही कुणीतरी द्या, आणि ती बंद पडू न देण्याची जबाबदारी, सर, बाई, तुम्ही नव्या शिक्षकांवर सोपवा. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत, एवढी खात्री आहे.